वर्षाची खतावणी : सरत्या वर्षाकडे कागद समोर ठेवून कसे पाहावे

माझे वडील कोल्हापुरातल्या एका गूळ अडत दुकानात दिवाणजी होते. दिवाळी पाडव्याला नव्या हंगामातल्या गुळाचे सौदे निघत, दुकानात नव्या चोपडीची पूजा होई आणि आम्हा मुलांना पेढे मिळत. पण वडिलांचे खरे काम त्याआधीच्या आठ-दहा रात्रींत उरकलेले असे. जुन्या चोपडीतले एकेक खाते बंद करून त्याची शिल्लक नव्या चोपडीत ओढल्याखेरीज ती चोपडी पाटावर ठेवायची नाही, असा त्यांचा नेम होता. त्या दिवसांत एखादा शेतकरी उचलीच्या रकमेवरून वाद घालू लागला आणि "दिवाणजी, मला चांगलं आठवतंय" म्हणाला, की वडील चष्मा पुसत शांतपणे म्हणत, "आठवतंय ते ऱ्हाऊ दे. पावती बघू."

सरत्या वर्षात आपण काय नवे अनुभवले, कुठे पुढे सरकलो आणि कुठे तिथेच राहिलो, हे पाहण्याची जी रीत मी पुढे सांगणार आहे, ती वडिलांच्या या उत्तरातूनच निघालेली आहे. मी स्वतः एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते, त्यामुळे शब्द हिशेबाचे येतील. पण ज्यांना जमा-नावे यांतला फरक ठाऊक नाही, त्यांनाही ही रीत वापरता येईल. त्यासाठी बारा कोरे कागद, एक लाल पेन आणि दीड-दीड तासाच्या तीन बैठका लागतात.

आधी मी काय चूक केली ते सांगते. सहा वर्षांपूर्वी, ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी, मी एक वही घेऊन रंकाळ्याच्या काठावर जाऊन बसले होते. भेळेच्या गाड्यांची गर्दी, पाण्यावरचा गार वारा, सगळे वातावरण चिंतनाला पोषक होते आणि मी दीड पान भरून लिहिलेही. महिन्याभराने ते पान वाचले तेव्हा लक्षात आले की त्यात डिसेंबरमधले नणंदेच्या मुलीचे लग्न होते, नोव्हेंबरमधले सासूबाईंचे आजारपण होते आणि उरलेल्या दहा महिन्यांसाठी 'हे वर्ष फार धावपळीचे गेले' एवढे एकच वाक्य होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी पुण्याला जाऊन पाच दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आले होते, आणि त्याचा उल्लेखही त्या दीड पानात नव्हता.

हा दोष माझ्या एकटीचा नव्हता. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत विसरण्याचा वेग सुरुवातीला फार मोठा असतो आणि नंतर तो मंदावतो, असे दिसले. पुढे डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की एखादा अनुभव आठवताना माणूस त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांना नको इतके महत्त्व देतो, आणि तो अनुभव किती वेळ चालला होता हे जवळजवळ हिशेबातच धरत नाही. वर्षाच्या बाबतीत याचा अर्थ असा की लग्न, आजारपण आणि शेवटचे दोन महिने एवढ्यांचेच मिळून आपण 'वर्ष' बनवतो. कागद समोर असेल तर ही फसगत बरीच टळते.

वर्ष कुठून कुठपर्यंत धरावे

आपल्याकडे वर्षांची टंचाई नाही. इंग्रजी वर्ष १ जानेवारीला लागते, शालिवाहन शक गुढीपाडव्याला बदलतो, व्यापाऱ्यांचे वर्ष दिवाळी पाडव्याला सुरू होते, सरकारी आर्थिक वर्ष १ एप्रिलला, साखर कारखान्यांचे १ ऑक्टोबरला, शाळेचे जूनमध्ये, आणि शेतकऱ्याचे वर्ष खऱ्या अर्थाने मृगाच्या पावसाने उघडते. यांपैकी कोणतेही घेतले तरी चालते. मात्र एकदा घेतले की ते बदलू नये, कारण दर वर्षी वेगळ्या ठिकाणाहून मोजले तर मागच्या वर्षाशी तुलनाच करता येत नाही. माझ्यासारख्या हिशेबनीसाने एप्रिल घेऊ नये, कारण मार्चअखेरीच्या कामात स्वतःकडे पाहायला डोकेच उरत नाही. शिक्षकांना मे महिना सोयीचा आहे. ३१ डिसेंबरची रात्र कोणी निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या रात्री माणूस पुढे पाहण्याच्या घाईत असतो.

मी वडिलांप्रमाणे पाडवा ते पाडवा असे वर्ष धरते आणि प्रत्यक्ष बैठक भाऊबीज होऊन पाहुणे परतल्यावर, डब्यात चिवड्याचा चुरा आणि दोन-चार करंज्या राहिल्या असताना घालते. कोल्हापुरात याच सुमारास अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव येतो, आणि त्याचाही या रीतीत उपयोग आहे. तो पुढे सांगते.

कच्चे कागद

पहिली संपूर्ण बैठक फक्त कागद गोळा करण्यासाठी ठेवावी आणि तीत एक ओळही लिहू नये. बँकेचे पासबुक किंवा मोबाईलमधला यूपीआयचा व्यवहारतपशील, फोनमधले फोटो महिन्यावार, दवाखान्याची फाईल, प्रवासाची तिकिटे, वाचनालयाची नोंद, किराणा दुकानाची वही, कोणाला पाठवलेले लांब संदेश, आणि भिंतीवरचे कॅलेंडर. यांपैकी प्रत्येक कागद वेगळ्या प्रकारचे खरे बोलतो. पासबुक सांगते की आपण कशाला महत्त्व देतो असे म्हणत होतो आणि पैसे प्रत्यक्षात कुठे गेले. फोटो मात्र जपून वापरावेत. आपण आनंदाचे फोटो काढतो, कंटाळ्याचे आणि भांडणाचे काढत नाही, म्हणून केवळ फोटोंवरून उभे राहिलेले वर्ष हे लग्नाच्या अल्बमसारखे होते. फोनमधले स्क्रीनशॉट त्या मानाने प्रामाणिक असतात, कारण ते कोणाला दाखवण्यासाठी काढलेले नसतात.

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे स्वयंपाकघरातले कॅलेंडर, हे मला गेल्या वर्षी कळले. आमच्याकडे दुधाचा रतीब आहे, आणि तारखेच्या चौकोनात रोज १ असा आकडा मी पेन्सिलीने टाकते; दूध आले नाही तर फुली, पाहुणे असतील तर २. गॅस कधी लावला, सासूबाईंचा रक्तदाब किती भरला, मोलकरणीचे खाडे किती झाले, हेही त्याच चौकोनांत दाटीवाटीने बसलेले असते. गेल्या वर्षीची पाने उलटताना जूनच्या १९ तारखेपर्यंत १, १, १ असे आकडे होते आणि २० तारखेपासून ½ सुरू झाला होता, तो थेट पाडव्यापर्यंत. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तो दिवस अर्थातच माझ्या लक्षात होता; स्टँडवर त्याला सोडायला गेलो, बस सुटली, सगळे आठवत होते. पण गवळ्याला "उद्यापासून अर्धाच लिटर द्या" असे मी कोणत्या आवाजात सांगितले असेल, ते मला काही केल्या आठवले नाही. घरातला एक माणूस कमी झाला त्याची नोंद माझ्याच हाताने, माझ्याच पेन्सिलीने रोज होत होती, आणि चार महिने मी ती वाचली नव्हती.

असे काही हाती लागले की तिथे थांबावे. घाईने पुढचा महिना काढू नये. चहा करून घ्यावा.

कीर्द

दुसऱ्या बैठकीत बारा कागदांवर बारा महिन्यांची नावे घालावीत आणि समोरच्या पुराव्यावरून प्रत्येक महिन्यात काय घडले ते आठ-दहा ओळींत उतरवावे. कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची घडतील त्या क्रमाने केलेली नोंद. तीत मत नसते. म्हणून या कागदांवर विशेषणे लिहायची नाहीत. 'जानेवारीत धाडस करून गाडी शिकायला सुरुवात केली' असे न लिहिता 'जानेवारी ९, शिकाऊ परवाना मिळाला. रोज सकाळी साडेसहाला कॉलनीतल्या मोकळ्या जागेत सराव. १७ तारखेला खडीवर घसरून गुडघा फुटला. नंतर चार दिवस गाडी काढली नाही' असे लिहावे. धाडस होते की नव्हते, हे त्या चार दिवसांच्या सुट्टीवरून आणि पाचव्या दिवशी गाडी पुन्हा काढली यावरून वाचणाऱ्याला कळते, आणि इथे वाचणारे आपणच असतो.

जे आयुष्यात पहिल्यांदा घडले, त्याच्यापुढे लाल ठिपका द्यावा. ठिपका देताना मोठे-लहान पाहू नये. माझ्या गेल्या वर्षाच्या कागदांवर असे चौदा ठिपके पडले. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. मी मार्चमध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा काढून ती परीक्षा दिली, हा एक ठिपका. एप्रिलमध्ये पंचगंगेवरच्या पुलावरून एकटीने गाडी चालवत जोतिबाला गेले, हा दुसरा. आणि ऑगस्टमध्ये हॉटेलात एकटीने बसून मिसळ खाल्ली, हा तिसरा. कोल्हापुरात मिसळ खाल्ली यात सांगण्यासारखे काही नाही, असे पुरुष वाचकांना वाटेल. माझ्या वयाच्या बायकांना विचारून पाहावे. भोवतीच्या टेबलांवरची चार डोकी वळलेली असताना कटाची दुसरी वाटी मागून घेणे हा काय अनुभव असतो, ते त्या सांगतील.

एखादा महिना कोरा निघतो. माझा सप्टेंबर जवळजवळ कोरा आहे. तो ओढूनताणून भरू नये; कोरेपणाही नोंदवून पुढे जावे.

खतावणी

कीर्दीतल्या नोंदी आपापल्या खात्यांत नेऊन लिहिणे म्हणजे खतावणी. खाती पाच-सहाच काढावीत: शरीर, घरची माणसे, बाहेरची माणसे, काम, पैसा, शिकणे. कोणी देवधर्माचे वेगळे काढेल, कोणी शेतीचे. दहाच्या वर खाती काढणारा माणूस खाती सजवण्यातच रमतो, असा मला इतरांना ही रीत शिकवताना अनुभव आला आहे.

या सगळ्या रीतीत सर्वांत जास्त वेळ जिथे द्यावा अशी जागा हीच आहे, आणि बहुतेक लोक ती गाळतात. दुहेरी नोंदीच्या हिशेबात कोणतीही रक्कम कुठूनतरी येते आणि कुठेतरी जाते. एका बाजूला जमा लिहिली आणि दुसरीकडे नावे पडली नाही, तर मेळ बसत नाही आणि दिवाणजीला रात्री घरी जाता येत नाही. वर्षाकडे पाहताना मात्र आपण फक्त जमेची बाजू लिहितो: गाडी शिकले, प्रशिक्षण घेतले, नवी माणसे भेटली. ज्याला आपण प्रगती म्हणतो ती प्रत्येक गोष्ट कोणाच्या किंवा कशाच्या खात्यातून आली, हे विचारल्याशिवाय ती नोंद पुरी होत नाही.

माझ्या गाडीचेच खाते पाहू. जमेला रोजचा जवळपास पाऊण तास आला, कारण केएमटीची, म्हणजे शहर बसची, वाट पाहणे संपले. सासूबाईंना दवाखान्यात नेण्यासाठी कोणाला फोन करून विनवणे संपले. रात्री आठनंतर बाहेर पडण्याची मोकळीक आली. आता नावेची बाजू. पेट्रोल आणि विमा हे पासबुकातून लगेच सापडले. दवाखान्याच्या फाईलवरून कळले की वर्षभरात वजन साडेतीन किलो वाढले, कारण घरापासून स्टॉपपर्यंत आणि स्टॉपपासून कचेरीपर्यंत होणारे रोजचे चालणे बंद झाले. आणि तिसरी नोंद मला तासभर शोधूनही सापडत नव्हती, ती मोबाईलच्या फोटोंत सापडली: आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये स्टॉपवर काढलेला एक फोटो, त्यात एक बाई मला अळूच्या वड्यांचा डबा देत आहेत. सात वर्षे आम्ही एकाच बसने जात होतो. त्यांच्या मुलीची बाळंतपणे, माझ्या सासूबाईंची पथ्ये, भाजीचे भाव, सगळे आम्ही त्या वीस मिनिटांत बोलत असू. आणि मला त्यांचे आडनाव माहीत नव्हते, त्यांचा फोन नंबरही माझ्याकडे नव्हता. मार्चनंतर मी त्यांना भेटलेही नव्हते. 'बाहेरची माणसे' या खात्यात त्यांची रक्कम नावे टाकल्यावर गाडीचा मेळ बसला.

म्हणून गाडी शिकणे चुकले, असे मुळीच नाही. फक्त तिची किंमत किती पडली ते आता मला माहीत आहे.

किरणे कुठपर्यंत पोहोचली

खाती भरली की मोजमाप येते, आणि इथे 'झाले' किंवा 'नाही झाले' अशा दोनच रकान्यांत सगळे बसवण्याचा मोह होतो. त्यापेक्षा मी किरणोत्सवाची भाषा वापरते. दर वर्षी ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवशी मावळत्या सूर्याची किरणे अंबाबाईच्या मंदिरात महाद्वाराकडून गाभाऱ्यापर्यंत येतात. परंपरेनुसार पहिल्या दिवशी ती चरणांना, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावीत अशी अपेक्षा असते. कोल्हापुरातला माणूस दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'किरणोत्सव झाला का' असे पाहत नाही, 'किरणे कुठपर्यंत गेली' असे पाहतो. गुडघ्यापर्यंत येऊन लुप्त झाली, कमरेपर्यंत आली, की चेहरा उजळला.

तसेच आपल्या प्रत्येक नव्या गोष्टीपुढे लिहावे. गाडी चालवणे मुखापर्यंत पोहोचले, फक्त रविवारी संध्याकाळच्या महाद्वार रोडवर मी अजून जात नाही. कचेरीच्या बैठकीत न पटलेले बोलून दाखवणे चरणांपर्यंत आले. वर्षभरात दोनदा बोलले, त्यातले एकदा बैठक संपल्यावर जिन्यात. वाचन कमरेपर्यंत. करवीर नगर वाचन मंदिर ही १८५० मध्ये स्थापन झालेली संस्था, आणि तिचे सभासदत्व मी मोठ्या हौसेने घेतले. नोंद सांगते की अकरा पुस्तके घरी आणली आणि माझी वही सांगते की चार पूर्ण वाचली, त्यांतली तीन दीडशे पानांच्या आतली होती.

किरणे अडतात तेव्हा ती कशाने अडली, हेही गावात लोक विचारतात. कधी त्या दिवशी मावळतीला ढग असतात, आणि कधी वाटेत बांधकाम उभे असते. हा भेद स्वतःच्या बाबतीत फार उपयोगी पडतो. सप्टेंबरमध्ये सासूबाईंच्या आजारपणामुळे माझे सगळे थांबले, हा ढग होता. तो हटला आणि त्याबद्दल स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. रात्री साडेनऊला पुस्तक उघडायचे आणि त्याच वेळी मोबाईल हातात घ्यायचा, हे मात्र बांधकाम आहे. पुढच्या वर्षीही ते तिथेच उभे असणार आणि पाडल्याखेरीज किरणे पुढे जाणार नाहीत. ज्या गोष्टी अर्ध्यावर राहिल्या त्यांच्यापुढे 'ढ' किंवा 'बां' एवढे अक्षर घालावे. आपण बांधकामाला ढग म्हणत आहोत का, हे तपासण्याचा उपाय सोपा आहे: मागच्या वर्षीच्या कागदावरही तेच कारण असेल, तर तो ढग नव्हे.

बुडीत खाते

बँकेच्या कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते कर्ज अनुत्पादित ठरते आणि त्यासाठी तरतूद करावी लागते. संकल्पांनाही हाच नियम लावावा. तीन महिने ज्याला हात लागलेला नाही, तो संकल्प संशयित समजावा. तीन वर्षे जो नुसता पुढे ओढला जात आहे, तो बुडीत धरून निर्लेखित करावा, म्हणजे वहीतून काढून टाकावा. माझ्याकडे पेटी शिकण्याचा संकल्प पाच वर्षे येणे म्हणून दाखवला जात होता आणि कपाटावरची पेटी दर दिवाळीला पुसून पुन्हा कपाटावर जात होती. गेल्या दिवाळीत ती भाचीला दिली. भाची वाजवते, आणि बरी वाजवते.

जी वर्षे संकटाची असतात, त्यांना ही मोजमापे लावूच नयेत. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पन्नास फुटांच्याही वर गेले होते. त्या वर्षी ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांनी पुढे भिंतीवर पाणी कुठवर आले त्याची रेघ ओढून ठेवली, आणि तेवढी नोंद पुरेशी होती. घरात मृत्यू झाला असेल, धंदा बसला असेल, तर तशी एक रेघ आणि तारीख लिहून वही मिटावी.

जे कागदावर येत नाही

आतापर्यंत मी कागदाची बाजू घेतली. त्याची एक उणीव मला गेल्या वर्षी मुलाने दाखवली. नवे जे सुरू केले त्याचा पुरावा राहतो. जे करणे थांबले त्याचा कुठेच राहत नाही. म्हणून तिसऱ्या बैठकीच्या आधी दोन माणसांना, एक घरातले आणि एक कामावरचे, प्रश्न विचारावा. 'मी बदलले का' असे विचारू नये, कारण त्याला लोक गोड उत्तर देतात. 'गेल्या वर्षी मी करत होते आणि आता करत नाही, असे एखादे सांग' असे विचारावे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात बायकाही बोलताना 'आलो, गेलो, सांगतो' असेच म्हणतात. लिहिताना मी शाळेत शिकवल्याप्रमाणे 'आले, गेले' लिहिते, पण तोंडात ते अजून बसलेले नाही. मुलाला फोनवर हा प्रश्न विचारला तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आई, तू आधी काहीही विचारलं की 'ह्यांना विचारून सांगतो' म्हणायचीस. आता म्हणत नाहीस."

मी बाराही कागद पुन्हा पाहिले. ते वाक्य कोणत्या महिन्यात थांबले ते सापडले नाही. शेवटी सप्टेंबरच्या त्या कोऱ्या कागदावर मुलाचे शब्द तारीख घालून जसेच्या तसे लिहून ठेवले आणि त्यापुढे लाल ठिपका दिला, हा पंधरावा.

शिल्लक पुढे ओढणे

शेवटच्या बैठकीत नव्या वर्षाच्या वहीचे एकच पान भरायचे असते, आणि त्यावर दोन बाजू असतात. येण्यात अर्धवट राहिलेल्या, पण जिवंत असलेल्या गोष्टी लिहाव्यात, प्रत्येकीपुढे किरणे कुठपर्यंत आली ते आणि अडथळा कोणता ते. देण्यात माणसे लिहावीत: कोणाचे आभार राहिले, कोणाकडे जाणे राहिले, कोणाची क्षमा मागायची आहे. येण्याची बाजू तीन ओळींपेक्षा मोठी होऊ देऊ नये. देण्याची कितीही लांबली तरी चालेल. नवे संकल्प या पानावर लिहू नयेत. त्यांच्यासाठी पुढची पाने आहेत.

त्यानंतर कॅलेंडरवर ३१ जानेवारीभोवती गोल करावा. नोव्हेंबरमध्ये आणि फेब्रुवारीच्या तोंडावर किरणोत्सव का होतो, याचे कारण असे की २१-२२ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना साधारण सारख्याच अंतरावर, म्हणजे सुमारे चाळीस दिवसांवर, सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो. म्हणजे त्याच जागेवरून तोच प्रकाश दुसऱ्यांदा पाहायला मिळतो. पाडव्याच्या बैठकीतले ते एक पान त्या दिवशी काढून तपासावे. नव्वद दिवसांचा नियम लागण्याच्या सुमाराचीच ती वेळ असते. अर्धा तास पुरतो.

आणि बारा कागद, गुंडाळलेले कॅलेंडर, तिकिटे हे सगळे दोरीने बांधून ठेवल्यावर पुढच्या वर्षासाठी एक रिकामा डबा, बुटांच्या खोक्याचा असला तरी हरकत नाही, स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवावा, म्हणजे कागद वर्षभर आपोआप त्यात पडत राहतात. माझ्या यंदाच्या डब्यात पहिला कागद पडला तो तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारचा. त्या दिवशी गाडी घरीच ठेवली होती आणि सकाळी सव्वानऊला जुन्या स्टॉपवर जाऊन उभी राहिले होते. बाई आल्या, मला पाहून आधी रागावल्या आणि मग शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून माझ्यासाठी जागा धरली. केएमटीचे ते तिकीट आहे. त्याच्या मागे पेन्सिलीने त्यांचे आडनाव आणि फोन नंबर लिहिलेला आहे.